व्याह्यांच्या साठीची बाटली

—नाही नाही, जीभ नका बघू डॉक्टरसाहेब, जीभ स्वच्छ आहे, मी आजारी म्हणून आलेलोच नाही. मी त्या फॉर्मसाठी आलोय. तो काय, तुमच्या कोपराखाली — आल्या आल्या तुमच्या हातात दिला मी. दारूच्या परमिटच्या नूतनीकरणाचा. खाली सही आणि शिक्का, झालं, दोन मिनिटांचं काम. तुमच्या आधीचे डॉक्टर होते ना, पुण्याला गेले ते, नूतनीकरण असलं की ते दारात उभ्या उभ्या सही करायचे. तुम्ही नवीन, तुम्हाला माहिती पाहिजे, बरोबर आहे, तुमच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. विचारा ना. माझं लपवण्यासारखं काही नाही. मी कमळाकर घरत, वजनमापे इन्स्पेक्टर — पनवेलच्या बाजारात मी शिरलो की तागड्या आपोआप सरळ होतात असं लोक म्हणतात, मी नाही म्हणत. सतरा वर्षं झाली. बुडाला भोक पाडून हलके केलेले शेर किती जप्त केले त्याला गणती नाही. आता शेर जाऊन किलो आला, त्याच्याबरोबर चोऱ्याही नव्या आल्या, पण ते असो. सतरा वर्षांत कुणा दुकानदाराचा चहा घेतला नाही, पान घेतलं नाही. आणि दारू — आम्ही आगरी माणसं डॉक्टर, गावात हळद असली की अख्खा मांडव पितो, आणि मी कोपऱ्यात सोड्याची बाटली घेऊन बसायचो. भावकीत माझं नावच पडलं होतं, सोडावाला. मग परमिट कशाला? हेच विचारायला पाहिजे. भेट द्यायला. वाढदिवसाची भेट, आमच्या व्याह्यांना. माघी पौर्णिमेला वाढदिवस असतो त्यांचा, महिन्यावर आला, म्हणून ही घाई.

आता व्याही म्हणजे कोण, तर काशिराम ठाकूर, मोऱ्याचे. मोरा पाहिलंत का तुम्ही? उरणच्या पुढं, जिथून मुंबईची लाँच सुटते ते बंदर. काशिरामबाबा आगबोटीवर सारंग होते — सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम — तीस वर्षं गोऱ्यांच्या बोटीवर काढली, जग बघितलं, आणि मग धक्क्यासमोर घर बांधून ओटीवर बसले. त्यांचा मुलगा जगन मुंबई बंदरात फिटर, पोरगा सरळ, सुपारीसुद्धा खात नाही. आणि माझी गोदू, मॅट्रिक झालेली, एकवीस संपून बाविसावं लागलेलं. स्थळ आलं तेव्हा माझी मंडळी, भामा, तीन दिवस देवापाशी बसून होती, इतकं चांगलं स्थळ. आम्ही मोऱ्याला बोलणी करायला गेलो. मी मनात धरून गेलो होतो की ते काही तरी मागणार — घड्याळ, सायकल, बँड. बाबा काहीच मागेनात. पोरगी द्या आणि नारळ द्या म्हणाले. मग उठता उठता समुद्राकडं बघत एक गोष्ट म्हणाले. म्हणाले, येत्या माघी पौर्णिमेला मी साठ वर्षांचा होतो. त्यांच्या बोटीवर बडा इंजिनियर होता, स्कॉटलंडचा गोरा, तो दर वर्षी आपल्या वाढदिवसाला सारंगाला केबिनमध्ये बोलावून एक ग्लास द्यायचा. साधी दारू नव्हे. एकाच भट्टीची, एकाच धान्याची, आणि बारा-बारा, अठरा-अठरा वर्षं लाकडी पिंपात निजवलेली. त्याचं नाव सिंगल माल्ट. बाबा सिंगल माल म्हणायचे. दारूबंदी आली त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती, सात वर्षांत बाबांनी थेंब घेतला नव्हता. हातभट्टीला ते बोट लावत नसत. म्हणाले, साठीला एक ग्लास मिळाला असता तर बरं झालं असतं, पण जाऊ द्या.

आता हे मागणं झालं का? नाही झालं. मी तसाच उठलो असतो. पण परतीच्या एसटीत भामा म्हणाली, ‘त्यांनी जाऊ द्या म्हनलं म्हून तुमी जाऊ देऊ नका.’ आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. बायको असं म्हणून खिडकीबाहेर बघायला लागली की नवऱ्यानं काय करायचं — तुमचं लग्न झालंय का डॉक्टर? होईल. मी जगनला हळूच विचारलं, बाबा स्वतः परमिट का काढत नाहीत? तर म्हणे पोरांनी किती वेळा सांगितलं. पण त्या फॉर्मवर लिहून द्यावं लागतं की अर्जदार दारूच्या आहारी गेलेला आहे. बाबा ते लिहायला तयार नव्हते. मला त्यांनी स्वतः नंतर सांगितलं: ‘तीस वरसं मी पन्नास मानसं हाकली. कदी झोकांडी गेली नाय माजी. आता म्हातारपनी सरकारला लिवून देऊ का मी दारुडा हाय?’ बघा, म्हणजे ज्याला पिता येत होतं तो सही करेना, आणि ज्याला येत नव्हतं त्यानं — हो, मी केली. मुलीचं कल्याण होतं त्यात.

लोकांनी मला सोपा रस्ता सांगितला होता. बाजारात महमूद म्हणून एक आहे, अत्तराचं दुकान, त्याचा मेव्हणा बोटीवर असतो, दोन दिवसांत माल हातात. मी म्हटलं नाही. मी महमूदच्या अत्तराच्या मापावर शिक्का मारणारा माणूस, मी त्याच्याकडून चोरटी बाटली घेतली तर उद्या कुठल्या तोंडानं त्याचं माप तपासू? जे करायचं ते कायद्यानं. तर तुमच्या आधीच्या डॉक्टरांकडं आलो, ह्याच खुर्चीवर बसलो. त्यांनी विचारलं, रोज किती पिता? मी म्हटलं, पीत नाही. ते म्हणाले, मग परमिट मिळणार नाही. मी म्हटलं, बंदी आहे म्हणून पीत नाही, परमिट मिळालं की — ते म्हणाले, तसं चालत नाही, आधीपासून पीत असला पाहिजे, त्याच्यावाचून जगू शकत नसला पाहिजे, त्यालाच सरकार औषध म्हणून देतं. मी जरा विचार केला. म्हणजे कायद्यानं प्यायची तर आधी बेकायदा प्यालेली पाहिजे? ते म्हणाले, घरत, तुम्ही मला विचारताय की मला शिकवताय? आणि त्यांनी लिहिलं: पंधरा वर्षांची सवय. मी म्हटलं, निदान पाच लिहा. ते म्हणाले, पाचला देत नाहीत.

तिथून अलिबागला, मोठ्या डॉक्टरांच्या मंडळापुढं. बाकावर आम्ही अकरा जण. तुम्ही बघायला पाहिजे होतं — एकेक प्रतिष्ठित माणूस! दोन वकील, एक बागाईतदार, एक कीर्तनकार, आणि सगळे आपापले हात थरथरवायची तालीम करतायत. त्यातल्या एकाला इतकं छान जमत होतं की टोपी हलत होती. मला ते जमेना. माझा हात, डॉक्टर, सतरा वर्षं काटा बघून स्थिर झालेला, गुंजभर हलायचा नाही. आत गेलो. साहेबांनी विचारलं, सकाळी उठल्यावर हात थरथरतो का? आता मी जन्मात सरकारी माणसापुढं खोटं बोललो नव्हतो. ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि भीतीनं जो हात लटपटायला लागला तो आवरेना. दुसऱ्या हातानं धरला तर दोन्ही लटपटायला लागले. साहेबांनी पाणी दिलं मला. शिपायाला म्हणाले, ह्यांना धरून बाहेर न्या, आणि कार्डावर लगेच सही केली. अकरांत माझंच पहिलं झालं.

आणि मग मजा बघा. मला वाटलं होतं, आता तोंड दाखवायला जागा नाही. तसलं काही झालं नाही. पनवेलात बातमी आधी पोचली आणि मी मागून आलो. काळूराम किराणावाला — ज्याचे मी चार अच्छेर, अर्ध्या शेराची खोटी मापं, जप्त केले होते, जो मला बघून मागच्या दारानं पळायचा — तो दुकानातून खाली उतरून रामराम करायला लागला. कचेरीतले साहेब, त्यांनी आजवर मला नावानं हाक मारली नव्हती, ते ‘या घरतसाहेब’ म्हणायला लागले. तीन घरची चहाची बोलावणी आली, आणि चहा झाला की सगळे जरा जवळ सरकून विचारणार, काय हो, महिन्याला किती मिळते? सतरा वर्षं मी निर्व्यसनी होतो तर मला कुणी ओटीवर चढवलं नाही. सरकारनं दारुडा म्हणून लिहून दिलं आणि माझी गणना चांगल्या माणसांत झाली. परमिट असणं म्हणजे काय साधी गोष्ट वाटली लोकांना? मोठ्या रोगाशिवाय मिळत नाही, आणि मोठे रोग मोठ्या माणसांनाच होतात. मला बरं वाटलं का? ते — आता खरं सांगायचं तर थोडं वाटलं.

बाटली निवडायला फोर्टातल्या परवान्याच्या दुकानात गेलो. म्हातारा पारशी, डोळ्यावर जाड भिंग. विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, जुनी पाहिजे. किती जुनी? मी म्हटलं, साठ. कारण माझ्या डोक्यात काशिरामबाबा. तो हसला नाही, चांगला माणूस, म्हणाला साठ वर्षांची राजालाही मिळत नाही. मग त्यानं तीन बाटल्या मांडल्या. पहिली स्वस्तातली, म्हणाला ही फार खपते, ह्यात चाळीस निरनिराळ्या भट्ट्यांची एकत्र केलेली आहे. मी म्हटलं, भेसळ? तो म्हणाला, भेसळ नाही साहेब, मिश्रण. मी म्हटलं, शेंगदाण्याच्या तेलात करडईचं घातलं तर आम्ही त्याला भेसळ म्हणतो, आणि तुम्ही वर चिठ्ठी लावून विकता? त्यानं ती बाटली बाजूला सारली. दुसरी दहा वर्षांची आणि तिसरी अठरा वर्षांची, दोन्ही एकेकाच भट्टीच्या. तिसरीचा कागद पिवळा पडलेला, त्यावर दगडी घर आणि पाण्याचा ओहोळ. मी विचारलं, अठरा वर्षं म्हणजे कशावरून? कुणी शिक्का मारला? त्यानं सीलबंद बुचावरची मोहर दाखवली. मग सांगायला लागला की पिंपात ठेवल्यावर वर्षाला शंभरातले दोन हिस्से हवेत उडून जातात, अठरा वर्षांत पिंप तिसरा हिस्सा रिकामं होतं. मी म्हटलं, आणि ही घट कोण भरून देतं? कोणी नाही म्हणाला, ते देवदूत पितात असं तिकडचे लोक म्हणतात. देवदूतांना परमिट आहे का, मी विचारलं. तेव्हा मात्र तो हसला. मी तिसरी घेतली. का घेतली विचाराल तर, मला त्या वेळी चव-बीव काही कळत नव्हती. पण अठरा वर्षं एका जागी गुपचूप बसून राहायचं, कुणी हलवायचं नाही, कुणी काही मिसळायचं नाही, आणि स्वतःतलं थोडंथोडं जात राहिलं तरी तक्रार करायची नाही — मला ती बाटली आपली वाटली. नोकरीतल्या माणसासारखी.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसलो. बाटली मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली. वेळ जाईना म्हणून परमिट काढून वाचायला लागलो, आणि उलटं केलं तर मागं बारीक अक्षरांत अटी. चौथी अट: परवानाधारकाने मद्य केवळ स्वतः प्राशन करावे, अन्य कोणासही देऊ नये, भेट देऊ नये. ‘भेट’ हा शब्द होता, डॉक्टर, साक्षात होता. मी तीनदा वाचला. समोर बाईच्या टोपलीत बांगडे होते, मला अजून ते बांगडे दिसतात. मुंबईला परत न्यावी तर दुकानदार परत घेणार नाही. समुद्रात टाकावी तर अठरा वर्षं. आणि द्यावी तर — दुसरा कोणी असता तर दिली असती हो, कोण बघतंय? पण कोण बघतंय म्हणणारे दुकानदार मी सतरा वर्षं पकडतोय.

पौर्णिमेला सगळे मोऱ्याला जमले. पूजा झाली, बाबांना नवं धोतर दिलं, साठ दिवे ओवाळले. मी पाटावर बाटली ठेवली आणि हात जोडून सांगितलं की बाबा, ही तुमच्यासाठी आणलीय, बघा, हातात घ्या, वास घ्या, पण प्यायची तुम्हाला परवानगी नाही, अट चौथी. भामाचा चेहरा बघवेना. मला वाटलं मोडलं लग्न. बाबांनी बाटली उचलली, कागदावरचं दगडी घर बोटानं पुसलं. मग म्हणाले, ‘कायद्यानं कोन पिऊ शकतो?’ मी म्हटलं, फक्त मी. म्हणाले, ‘मग तुमी प्या. मी बगतो.’

म्हणजे साठी त्यांची आणि प्यायची मी. पण नाही कसं म्हणू? पितळेचा पेला आणला तर त्यांनी तो परत पाठवला, काच पाहिजे म्हणाले. मला स्वतः शिकवलं: एवढीच ओता, पाणी चार थेंब, उजेडात धरा, घाई करू नका, आधी नाकानं प्या. आयुष्यातला पहिला घोट, वयाच्या पन्नाशीत, चाळीस माणसांसमोर. घसा असा पेटला की डोळ्यांतून पाणी. बाबा म्हणाले, सांगा. मी म्हटलं, कडू आहे. ते म्हणाले, ‘कडू तं निंब पन असतो. नीट सांगा. माप घेता तसं सांगा.’ मग मी दुसरा घोट घेतला आणि डोळे मिटून खरोखरच माप घेतल्यासारखं बघितलं. म्हटलं, धूर आहे. लाकडाचा नाही, ओल्या मातीचा. मग ओल्या सुंभाच्या दोराचा वास. मग मिठागराचा चिखल उन्हात तापतो ना, तसं काही तरी. आणि सगळ्यांत शेवटी, घसा निवल्यावर, भाजलेलं सुकं खोबरं. एवढंसं. डोळे उघडले तर बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. म्हणाले, ‘तोच. तोच माल.’ आणि भामाला म्हणाले, वैशाखातला मुहूर्त बघा.

वैशाखात लग्न झालं. थाटात झालं. तिथंच संपायला पाहिजे होतं, नाही का? पण बाबांनी निरोप धाडला की येत्या पौर्णिमेला या, आणि येताना ती घेऊन या. मग दर पौर्णिमेला जायला लागलो. त्यांच्यासमोर बसायचं, मी घोट घ्यायचा, मी सांगायचं, त्यांनी ऐकायचं. एका ग्लासात ते अख्खं जग फिरून यायचे — एडन, मार्सेय, ग्लासगो. मला ते काय काय विचारायचे! मधल्या घोटात आज काय आहे? शेवटाला काय उरलं? आणि माझं तोंड हळूहळू तयार झालं हो, मला कळायला लागलं, दहा वर्षांची कुठली आणि अठराची कुठली, डोळे बांधून सांगितली असती. नीट सांगता यावी म्हणून घरी थोडी तालीम लागायची. आधी शनिवारी. मग बुधवारी पण, कारण शनिवारपर्यंत चव विसरायची. किती? मोजून, डॉक्टर. माझ्याकडं खात्याचं प्रमाणित माप आहे, त्याच्या बाहेर थेंब नाही. काठोकाठ भरतो, बस. — दिवसाला? दिवसाला म्हणजे, तसं काही — हल्ली दोन मापं. संध्याकाळी. तीन म्हणा. पण ते व्याह्यांसाठी.

काय म्हणालात? तेव्हापासून आजपर्यंत दर पौर्णिमेला? हो, भादव्यापर्यंत. भादव्यात ते वारले ना.

नाही, म्हणालो मी, बरोबर, म्हणालो माघीला त्यांचा वाढदिवस आहे. वाढदिवस येतोच ना माणूस गेला तरी. मी त्या दिवशी ग्लास भरून बसतो, बसणार आहे, आणि सांगणार. त्यात काय चुकलं? — कशानं गेले? छातीत पाणी झालं होतं. आठ दिवस पडून होते. मी गेलो होतो, पौर्णिमा नव्हती तरी गेलो. बाटली घेऊन गेलो, अठराची, मुद्दाम आणली होती. गोदू उशाशी बसली होती, जगन पाय दाबत होता. मी नेहमीसारखी ओतली, चार थेंब पाणी, उजेडात धरली. बाबांना बोलवत नव्हतं. त्यांनी बोटानं ओठाला खूण केली. म्हणजे मला वाटलं, मला प्या म्हणतायत. मी घोट घेतला, सांगायला लागलो — धूर, दोर. त्यांनी मान हलवली, नाही. परत ओठाला बोट लावलं. गोदू म्हणाली, ‘अण्णा, बोट बुडवून त्यांच्या ओठाला लावा. एक थेंब.’ आणि मी — डॉक्टर, थेंब दिला काय आणि पिंप दिलं काय, देणं ते देणंच, त्यात छटाक-पावशेर नसतं. मी सतरा वर्षं दुकानदारांना हेच सांगत आलो. मी म्हटलं, गोदू, चौथी अट आहे. आणि मी तो ग्लास स्वतः संपवला आणि शेवटाला खोबरं आहे असं सांगितलं. सगळं नीट सांगितलं, काही राहू दिलं नाही. ते तोवर भिंतीकडं वळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कायद्यानं मी काही चूक केली नाही. तुम्ही सांगा ना, केली का? कोणीही सांगावं. वकिलाला विचारलं मी, अलिबागच्या बाकावरचेच होते ते, तेही म्हणाले बरोबर केलंत.

गोदू? गोदू आहे मोऱ्याला, ठीक आहे. सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण, माहेरी यायला पाहिजे, पण हल्ली ती — प्रवासाचा त्रास होतो. एसटीत धक्के बसतात. मी भामाला म्हटलं, टॅक्सी करू. भामा उठून चुलीपाशी गेली.

आता तुम्ही सही करा म्हणजे मी निघतो, बाहेर माणसं ताटकळलीत. आणि मुख्य मुद्दा हा की मी कायद्याच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही. महिन्याची बाटली कार्डावर, कार्डावर तारीख, सगळं चोख. बाटली संपली की संपली, पुढच्या तारखेपर्यंत मी — हो, वाट बघतो. वाटच बघतो. का? असं का विचारताय?

कोण आलं होतं? भामा? इथं? काल?

ती दवाखान्यात कधी येत नाही. अंग तापानं फणफणलं तरी काढा पिऊन पडून राहते ती. काय म्हणाली? सही देऊ नका म्हणाली? मला वाटलंच, बायकांना ह्यातलं — नाही? मग काय म्हणाली? सही द्या म्हणाली?

द्या म्हणाली. कशासाठी? सांगा ना, आता अर्धं सांगू नका.

…मिठागरामागं? त्या हातभट्टीवर? ते तिला कुणी — तिनं बघितलं? ती मागून आली होती?

दोनदाच गेलो, डॉक्टर. तारखेला बाटली मिळाली नाही म्हणून. तीनदा. तिथं जगनच्या वयाची पोरं बसलेली असतात, डब्यातून देतात, माप नाही काही नाही, मी म्हटलं त्याला — मी त्याला म्हटलं, अरे, निदान मापानं दे. आणि तो भट्टीवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, या साहेब. काळूरामचा भाऊ आहे तो.

तर हे तिनं तुम्हाला सगळं काल सांगितलेलं. परमिट नसलं तर मी रोज तिथंच जाईन, म्हणून सही द्या. आणि तुम्ही मला इतका वेळ बोलू दिलंत, माझ्या बोटाकडं बघत. कापत नाहीये ते. थंडी आहे. — माझा चष्मा कुठं ठेवला मी? तो फॉर्म द्या इकडं, मला नको सही, मी दुसरीकडं — थांबा. ही तुमचीच सही ना? आणि शिक्का. कधी केलीत? मी तर तुमच्यासमोरच बसलोय.

शाई वाळलीय.

बरं. येतो मी, डॉक्टरसाहेब. दार लोटून घेतो.